राजीनाम्यांचा खण

आमच्या कारखान्यात राजीनामा देऊन कुणी नोकरी सोडत नसे. ज्याला खरोखर जायचं असे तो गुपचूप दुसरीकडे मुलाखत देऊन यायचा, पगार झाला की यायचा बंद व्हायचा, आणि पुढे कधीतरी त्याच्या गल्लीतलं कुणी सांगायचं की तो आता रांजणगावला लागला. राजीनामा द्यायचा तो नोकरीत राहायचं असलं की.

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका कारखान्यात मी कामगार अधिकारी होतो. कारखाना आधी भोसरीत होता, मग चाकणला गेला, आणि त्याच्यामागे कंपनीच्या बसने मीही निगडीहून चाकणला जाऊ लागलो. आमच्या खात्याचं नाव आधी पर्सोनेल होतं, मग एचआर झालं, आणि मी निवृत्त व्हायच्या सुमारास ‘पीपल अँड कल्चर’ झालं. खात्याचं नाव जितकं लांबत गेलं तितकी खात्यातली माणसं कमी होत गेली. शेवटी माणसं म्हणजे मी आणि कल्चर म्हणजे नोटीस बोर्डाच्या बाजूची कुंडी, एवढंच उरलं होतं.

लोकांना वाटतं, आमचं काम माणसं घेणं आणि काढणं. घेणं-काढणं वरच ठरतं. मधल्या वर्षांत त्या माणसाला बूट चावतो, आमटीत केस निघतो, सुपरवायझर त्याला पोरांदेखत एकेरी हाक मारतो, ते आमचं खातं. ह्या गोष्टींसाठी रीतसर तक्रार करायची सोय होती. समिती होती, पेटी होती, पेटीला कुलूप होतं. त्या पेटीत मला उभ्या नोकरीत एक बसचं तिकीट आणि एक वापरलेलं ब्लेड सापडलं. तक्रार कुणी करत नसे, कारण तक्रार म्हणजे मागणी, आणि मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. राजीनामा देणारा काही मागत नाही. उलट, असलेलं परत करतो. त्याला नाही म्हणायचं तर ते त्याच्या मनासारखंच होतं. पंचवीस-तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसांनी हे शोधून काढलं होतं, आणि मला अजूनही ते फार हुशारीचं वाटतं.

त्याची एक रीत होती. माणूस कागदाची चौपदरी घडी करून यायचा. बसायचा नाही. मी म्हणायचो, “चहा?” तो म्हणायचा, “नको.” मी म्हणायचो, “ठेवून जा.” कागदात कारण नेहमी ‘घरगुती अडचण’ असायचं. घरगुती अडचण म्हणजे सुपरवायझर. मग मी शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात तिथे, एक चक्कर मारायचो, इकडेतिकडे बोलायचो, आणि खरं काय ते कळलं की दोन-तीन दिवसांत निस्तरायचो. माणूस तोवर आपल्या मशीनवर असायचाच. कागद माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात जायचा. त्याने परत मागायचा नाही, आणि मी परत द्यायचा नाही, हे दोघांनाही माहीत असे. झालेल्या रागाचा विषय नंतर काढणं आमच्याकडे असभ्य समजत.

वेल्डिंगचे जगदाळे म्हणून साताऱ्याकडचे एक गृहस्थ कँटीनच्या चहात साखर कमी झाली की राजीनामा देत. निगडीचा बसथांबा रस्त्याच्या पलीकडे नेला तेव्हा सहा जणांनी मिळून एकच राजीनामा दिला होता आणि सातवा येऊन म्हणाला होता, “साहेब, खाली जागा आहे का बघा, माझीबी सही घ्या.” पेंट शॉपमध्ये लातूरकडचे एक जण होते. त्यांनी तर एकदा दारातूनच सांगितलं, “साहेब, मागचाच वापरा.” मी खण उघडला, मागचा वर काढून ठेवला, आणि त्यांचं काम केलं.

शब्दांच्या मुळाशी जायची मला जुनी खोड आहे. पिंपरीच्या बाजारात एका रद्दीवाल्याकडून घेतलेला एक जाडजूड इंग्रजी कोश माझ्याकडे आहे. त्यात एकदा मी ‘रिझाइन’ हे क्रियापद काढून बसलो. मूळ लॅटिन. त्यात ‘साइन’ आहे, पण हल्लीची सही नव्हे. खूण, शिक्का, मोहोर ह्या अर्थाचं ते आहे. आणि आधीचं ‘रि’ म्हणजे उलट. केलेली मोहोर उलटी करायची, म्हणजे फोडायची, आणि त्यावरून हिशेबाच्या वहीत लिहिलेली नोंद रद्द करायची. तिथून फ्रेंचांच्या हातून ते इंग्रजीत आलं आणि मिळालेलं पद देणाऱ्याच्या हाती परत करणं असा त्याचा अर्थ झाला. बुद्धिबळात हरायला आलेला खेळाडू डाव सोडतो तेव्हा हेच क्रियापद वापरतात, आणि नशिबापुढे मान तुकवून गप्प बसणाऱ्यालाही ह्याचंच विशेषण लावतात. म्हणजे इंग्रजाच्या मते राजीनामा देणारा माणूस आधी मोहोर फोडतो आणि मग गप्प बसतो. आमच्याकडे हे दोन्ही होत नसे.

हिंदीतला ‘इस्तीफा’ अरबीतून आला. त्यात माफी मागणं आहे. मला ह्यातून मोकळं करा, क्षमा असावी, असा त्याचा भाव. आपला ‘राजीनामा’ फारसी. राजी असल्याचा कागद, बस. जुन्या काळी दावा मिटला, दोन्ही बाजू राजी झाल्या, की कोर्टात राजीनामा दाखल करत. जमीन दुसऱ्याच्या नावे करताना सोडणारा राजीनामा देई आणि घेणारा कबुलायत. चाकणच्या आसपासच्या म्हाताऱ्यांना कबुलायत हा शब्द अजून माहीत आहे, कारण त्यांच्या आज्यापणज्यांनी तो केलेला आहे. तेव्हा एका भाषेत मोहोर फुटते, दुसरीत माणूस माफी मागतो, आणि आपल्या भाषेत तो राजीखुशीने जातो. माझ्या खणातल्या एकाही कागदावर राजी असलेला माणूस नव्हता. पण जायचं कुणालाच नव्हतं, तेव्हा शेवटी सगळे राजीच होते म्हणायचं.

एक मात्र नोंदवायला हवं. हा खण फक्त परमनंट कामगारांचा होता. नंतर नंतर शॉपमध्ये निम्म्याहून जास्त मुलं कंत्राटदाराची असत. त्यांच्यातल्या कुणी मला कधी राजीनामा दिला नाही. एकाला मी विचारलं होतं, सुपरवायझर एवढं बोलला, तू काही केलं नाहीस? तो म्हणाला, “आम्ही काय देणार सर? आमच्याकडं द्यायला हाय काय?” परत करायला आधी काहीतरी हातात असावं लागतं, हे मला त्या जाडजूड कोशापेक्षा त्याने जास्त नीट समजावलं. तो पुढच्या सोमवारी आला नाही. त्याची नोंद कुठेच झाली नाही.

तर, माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना पीपल अँड कल्चरला नवा प्रमुख आला. त्याचं नाव निरंजन. मुंबईहून आला होता, चटपटीत होता, चांगला होता. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या कामगारांना गोळा करून सांगितलं, “मला सर म्हणायचं नाही. इथे सगळे समान. मला नुसतं निरंजन म्हणा.” त्या दिवसापासून सगळे त्याला निरंजनसर म्हणू लागले. तो मला श्रीकांत म्हणे. माझ्या मुलीपेक्षा तो चार वर्षांनी लहान होता, पण समानता म्हटल्यावर मी काही बोललो नाही.

निरंजनने आमचं ऑफिस भिंती पाडून मोकळं केलं. नव्या टेबलांना खण नव्हते. पारदर्शकता, तो म्हणाला. माझे सगळे राजीनामे मी एका पिशवीत भरून घरी आणले. नंतर त्याने कँटीनच्या दाराशी एक उभं यंत्र बसवलं. एटीएमसारखं दिसायचं. रजा, पगाराची पावती, गणवेशाचं माप, सगळं त्यावर बोट लावून करायचं. मराठीची सोय होती. आणि सगळ्यात खाली एक चौकोन होता, ‘कंपनी सोडणे’. परदेशातल्या मुख्य कचेरीला हे यंत्र फार आवडलं होतं. निरंजनने त्यांना ते चालवून दाखवलं होतं, आणि त्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या असं तो सांगे.

आता सोपाननाना. प्रेस शॉपमधले डाय सेटर, म्हणजे पत्रा ज्या साच्यात दाबायचा तो साचा प्रेसवर नीट बसवून देणारे. मूळचे निघोज्याचे, चार पिढ्या तिथलेच. कारखाना गावाशेजारी आला म्हणून भोसरीला जायची त्यांची दगदग वाचली होती, आणि कंपनी आपल्यामागे आली असं ते अभिमानाने सांगत. वर्षातून एखादा राजीनामा त्यांचा ठरलेला. एप्रिलमध्ये परदेशी पाहुणे येणार होते. त्यांच्यासाठी ‘एक्स्पीरियन्स सेंटर’ नावाची एक खोली रंगवली होती आणि तिथे एसी चालेना. कुणीतरी नानांच्या प्रेसवरचा मोठा पंखा काढून तिथे लावला.

मी त्या दिवशी पुण्याला लेबर कोर्टात होतो. नाना घडी केलेला कागद घेऊन ऑफिसात आले. माझी खुर्ची रिकामी. टेबलाला खण नाही. समोर बसणाऱ्या हिशेब खात्यातल्या मुलीने अदबीने सांगितलं, “नाना, आता कागद चालत नाही. तिकडे मशीनवर करा ना.” नाना गेले आणि त्यांनी बोट लावलं. यंत्राने विचारलं, आपली खात्री आहे का? रागावलेल्या माणसाला असं विचारलं तर तो काय सांगणार? त्यांनी ‘होय’ दाबलं. यंत्राने पुन्हा विचारलं. ते आणखी चिडले आणि पुन्हा ‘होय’ दाबलं. मग यंत्राने त्यांचे आभार मानले आणि पुढच्या वाटचालीस शुभेच्छा दिल्या.

पंखा त्याच संध्याकाळी परत आला. पाहुण्यांना त्याच्या आवाजात बोलता येईना. राजीनामा मात्र परत येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. “मी निघोज्याहून बोलतीया. सोपाननानांची मंडळी.”

“बोला वहिनी.”

“यांनी राजीनामा दिलाय म्हनं.”

“हो, ऐकलं मी.”

“ते तर देत्यातच. पन मोबाइलवर मेसेज आलाय, मंजूर झाला म्हून. तुमी यांचा राजीनामा खरा धरला व्हय?”

वहिनी पुढे म्हणाल्या, “पोरीचं जमलंय निगडीला. येत्या महिन्यात पाव्हणे साखरपुड्याला येत्यात. बाप परमनंट हाय म्हून सांगितलंय. आता मी त्यास्नी काय सांगू, पंख्यापायी गेला?”

पिंपरी-चिंचवडात परमनंट ह्या शब्दाचं वजन बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथे बंगला असलेला माणूसही सोयरिकीत आधी ‘परमनंट आहेत का’ विचारतो. त्यातून नाना पंचावन्नच्या वर. ह्या वयात दुसरीकडे लागायचं तर कंत्राटदाराकडे, त्या मुलांच्या रांगेत.

नानांना मी कँटीनमागे गाठलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण अकड होती.

“नाना, सोडायचंय का?”

“मी सोडायला कुठं दिला हुता?”

“मग कशाला दिला?”

“पंखा नेला म्हून.”

“पंखा आला परत.”

“मग माजाबी द्या की परत.”

नानांनी मागे घेत असल्याचं लिहून दिलं आणि मी निरंजनकडे गेलो. कायदा असा की मंजूर होण्याआधी राजीनामा मागे घेता येतो. पूर्वी मंजुरीला महिना लागे, आणि त्या महिन्यात राग जाई. ह्या यंत्राने चहा निवायच्या आत मंजुरी दिली होती.

“श्रीकांत, त्यांनी दोनदा कन्फर्म केलंय,” निरंजन म्हणाला.

“रागात होते.”

“सिस्टिमला राग कळत नाही.”

“म्हणूनच पूर्वी ते काम माणसाकडे होतं.”

तो हसला नाही. म्हणाला, “मला वाईट वाटतंय, खरंच. पण परत मागे जायचं बटणच नाहीये. मुख्य कचेरीला कळवावं लागेल की आमच्याकडे लोक राजीनामा देतात म्हणजे राजीनामा देत नाहीत. हे मी त्यांना इंग्रजीत कसं सांगू?”

ह्याचं इंग्रजी माझ्या कोशातही नसावं.

ज्या कंपनीने ते यंत्र बसवलं होतं तिची मदतवाली मुलगी बंगळूरला बसे. तिला मी फोन लावला आणि मागे जायचं बटण कुठे आहे ते विचारलं. ती म्हणाली, “सर, बटन तो नहीं है. लेकिन नोटीस पीरियड में सब डिपार्टमेंट का क्लिअरन्स नहीं आया, तो केस अपने आप बंद हो जाता है. एम्प्लॉयी वापस अॅक्टिव्ह दिखता है. बहुत कंपनियाँ इसकी कंप्लेंट करती हैं, सर.”

मी म्हणालो, “आम्ही करणार नाही.”

क्लिअरन्स म्हणजे काय, तर जाणाऱ्या माणसाने प्रत्येक खात्याचं देणं परत करायचं. कँटीनची थाळी, दवाखान्याची तपासणी, लॉकरची किल्ली, स्टोअरची हत्यारं. प्रत्येक खात्याने आपल्यापुढचं हिरवं बटण दाबलं की माणूस सुटला. मी उठून फिरलो तोवर कँटीनने दाबलं होतं. दवाखान्यानेही दाबलं होतं. त्यांना वाटलं, हिरवं आहे म्हणजे दाबायचंच असतं. राहता राहिलं टूल स्टोअर.

टूल स्टोअरला गायकवाड होते. त्यांचे वडील पिंपरीत औषधांच्या कारखान्यात होते, आणि वस्तू जशी दिली तशी परत आली पाहिजे हे त्यांच्या घरातच होतं. जाळीमागे बसून ते दुपारच्या सुट्टीत वर्तमानपत्रातले अग्रलेख वाचत आणि त्यांतल्या चुका पेनने दुरुस्त करत.

“गायकवाड, नानांचं क्लिअरन्स आलंय का तुमच्याकडे?”

“आलंय. दाबू?”

“तुम्ही नेहमी कसं करता?”

“नेहमी म्हणजे हत्यारं बघतो आणि जमा करून घेतो.”

“आणि नियम काय आहे?”

गायकवाडांनी चष्मा काढला. “नियम वेगळा आहे साहेब. मोजमापाचं प्रत्येक हत्यार आधी लॅबला पाठवायचं. ते अजून बरोबर मोजतं का ह्याचा रिपोर्ट यायचा. मग जमा करून घ्यायचं.”

“मग तसं का करत नाही?”

“तसं केलं तर कुणी रिटायरच होणार नाही.”

“नका होऊ देऊ,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुन्हा घातला आणि नानांच्या हत्यारांची पेटी ओढून घेतली. नानांचा मायक्रोमीटर, व्हर्निअर, उंची मोजायचा गेज, सगळं भोसरीच्या लॅबला गेलं. लॅबवाल्यांकडे अर्ध्या औद्योगिक पट्ट्याची हत्यारं पडलेली असतात. गायकवाडांनी त्यांना सांगितलं की घाई नाही. असं वाक्य त्या लॅबने आधी कधी ऐकलं नसावं.

नोटिशीचा महिना असा चालला. नाना रोज यायचे, साचे बसवायचे, आणि जाता जाता जाळीशी थांबून विचारायचे, “आली का माजी हत्यारं?” गायकवाड म्हणायचे, “नाही आली.” “बेस झालं,” म्हणून नाना जायचे. हत्यारं न आल्याने खूश होणारा डाय सेटर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, असं गायकवाड मला म्हणाले. तिकडे वहिनींनी पाहुण्यांना साखरपुड्याची तारीख दिली नव्हती. ‘नाना कामात आहेत’ एवढंच सांगून त्या वेळ काढत होत्या. खोटं नव्हतं ते.

निरंजनच्या पडद्यावर मात्र एक चौकोन लाल राहिला होता आणि तो त्याला खुपत होता. तो स्वतः जाळीशी आला.

“गायकवाड, हे एकच का पेंडिंग आहे?”

“लॅबचा रिपोर्ट नाही सर.”

“त्याशिवाय नाही होणार?”

“होईल की. पण परदेशी ऑडिटवाले आले आणि म्हणाले की न तपासलेलं हत्यार जमा कसं केलं, तर मी तुमचं नाव सांगू का?”

निरंजन परत गेला. पण तो कामाचा माणूस होता. त्याने लॅबचा नंबर शोधला आणि स्वतः फोन करून सांगितलं, अर्जंट आहे.

नोटिशीच्या शेवटच्या दिवशी दुपारी गायकवाडांचा मला फोन आला. “साहेब, लॅबची गाडी निघालीय. रिपोर्टसकट. आता आलं तर मला घ्यावंच लागेल. मी खोटं लिहिणार नाही.”

“मी कुठे म्हणतोय.”

“मग मी चहाला जातो,” ते म्हणाले.

मी गेटवर गेलो. काय करायचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. गेटला आमचे सुभेदार होते, देहूरोडला राहणारे, पलटणीतून निवृत्त झालेले. नाना पण तिथेच उभे होते. त्यांची पहिली पाळी केव्हाच सुटली होती. घरी जायचं त्यांचं धाडस होत नव्हतं. गाडी आली. ड्रायव्हर पेटी घेऊन उतरला.

सुभेदारांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग त्याच्या पायांकडे. “चप्पल?”

“हो, मग?”

सुभेदारांनी बोटाने पाटी दाखवली. ‘सेफ्टी शूजशिवाय प्रवेश नाही.’ पाटी निरंजनने लावलेली होती, त्याच्या सेफ्टी वीकमध्ये, फीत कापून.

“अहो काका, मी रोज चपलेवरच येतो आत.”

“रोज चुकत होतं.”

“मग पेटी तुम्ही घ्या ना.”

“मोजमापाचं हत्यार गेटवर घेता येत नाही. स्टोअरवाला सही करून घेतो. तो आत आहे. तुम्ही बाहेर आहात.”

“त्याला बोलवा बाहेर.”

“तो चहाला गेलाय.”

ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आवाज ऐकून निरंजन बाहेर आला. सगळं समजायला त्याला वेळ लागला नाही. सुभेदारांच्या केबिनमध्ये, त्यांच्या पाठीमागेच, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सेफ्टी शूजचं रॅक होतं. सगळ्या मापांचे बूट, ओळीने. ते मला दिसत होतं, सुभेदारांना ठाऊक होतं, आणि आता निरंजनलाही दिसलं. फक्त ड्रायव्हरच्या आड खांब येत होता.

निरंजनने नानांकडे पाहिलं. “नाना, घरी नाही गेलात?”

“जातो की. उद्या यायचं का न्हाई तेवढं कळलं की जातो.”

ड्रायव्हर म्हणाला, “सर, तुम्हीच फोन केला होता ना? अर्जंट म्हणून?”

“हो,” निरंजन म्हणाला. “बूट आहेत का तुमच्याकडे?”

“नाहीत.”

निरंजनने पुन्हा एकदा रॅककडे पाहिलं. मग म्हणाला, “मग उद्या या. बूट घालून.” आणि आत निघून गेला.

सुभेदारांनी त्याच्या पाठीला कडक सलाम ठोकला. एरवी ते त्याच्यासाठी नुसती मान हलवून भागवत. मोहोर फोडणं, नोंद खोडणं, हातातलं परत देणं, माझ्या कोशातले सगळे अर्थ मी मनातल्या मनात तपासून पाहिले. त्या दुपारी गेटवर हातातलं काही सोडून देणारा एकच माणूस होता. त्याने त्यासाठी कुठलं बटण दाबलं नाही, आणि मुख्य कचेरीला त्याबद्दल काही कळवलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहिल्या पाळीच्या बसने गेलो. नाना हजेरीच्या यंत्रापाशी आले होते आणि बोट लावायचं सोडून नुसते उभे होते. मागे रांग तुंबली होती. कुणी पुढे ढकलत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. जगदाळे तेवढे म्हणाले, “लावा नाना. नाही म्हणालं तर माझं बोट लावू.”

नानांनी बोट लावलं. यंत्राने हिरवा दिवा दाखवला आणि त्यांचं नाव बोलून दाखवलं, चुकीच्या उच्चारासकट. रांग सुरू झाली. नानांनी तिथूनच वहिनींना फोन केला आणि “बोलाव पाव्हण्यास्नी” एवढंच म्हणून ठेवून दिला.

मग ते माझ्यापाशी आले. “साहेब, येवढी मानसं मला धरून ठेवायला धडपडत्यात, हे आदी सांगितलं असतं तर मी दिलाच नसता.”

“आता पुन्हा देऊ नका. पुढच्या वेळेला ते यंत्र पक्कं करून घेतील.”

“न्हाई देत.” त्यांनी थोडा विचार केला. “पन मग राग आला की काय करायचं?”

मला खरं तर ह्याचंच वाईट वाटत होतं. त्या महिन्यानंतर आमच्याकडे रागाने राजीनामा कुणी दिला नाही. सगळे घाबरले. खोटा राजीनामा द्यायला समोर खरा माणूस लागतो, आणि तिथे आता यंत्र होतं.

“तोंडाने सांगायचं,” मी म्हणालो.

“कुनाला?”

“मला सांगा. मी गेल्यावर निरंजनला सांगा.”

“त्यो ऐकंल?”

“कालचं बघितलंत ना.”

नाना गेटकडे बघत राहिले. आत भोंगा झाला. “म्हंजी आता दर खेपंला भांडावं लागंल,” ते म्हणाले.

“लागेल.”

“चार वरसं हायेत अजून. लई बोलावं लागंल साहेब,” असं म्हणून ते आत गेले, आणि दारातच सुपरवायझर भेटला म्हणून तिथूनच सुरुवात केली.